चिकन बंद करूनही कुत्र्याची खाज थांबत नाही. ही अ‍ॅलर्जीच असेल का?

मी डॉक्टर नाही, हे आधीच सांगते. आमच्याकडे गुंड्या नावाचा गावठी कुत्रा आहे आणि त्याच्या खाजेपायी गेली सहा वर्षं मी पशुवैद्यांचे उंबरे झिजवतेय. एवढ्या भांडवलावर हे उत्तर.

तुम्ही लिहिलंय की लॅब (लॅब्रॅडॉर) दोन वर्षांचा आहे, दिवसभर पंजे चाटतो, दर दोन महिन्यांनी कान बिघडतात, आणि सोसायटीतल्या कुणीतरी सांगितलं म्हणून तीन आठवडे चिकन बंद केलं तरी काही फरक नाही. शेवटच्या ओळीत, जाता जाता, मांजरीच्या पोटावरचे केस गेल्याचंही लिहिलंय. मांजरीकडे नंतर येते, पण ती गोष्ट जाता जाता सांगण्यासारखी नाही.

आधी चिकन. आपल्याकडे कुत्रा खाजवायला लागला की पहिला बळी चिकनचा जातो. खाण्याची अ‍ॅलर्जी असते, नाही असं नाही, पण पिसवांची आणि हवेतल्या-घरातल्या गोष्टींची त्याहून जास्त आढळते. शिवाय तीन आठवड्यांत काहीच सिद्ध होत नाही. निदान आठ आठवडे लागतात. आणि तुम्ही चिकन बंद केलं म्हणजे नेमकं काय केलं? पाकिटावर मोठ्या अक्षरांत ‘लँब’, म्हणजे कोकराचं मांस, असं लिहिलेलं कोरडं खाणं उलटून बघा, घटकांच्या यादीत चिकन किंवा चिकनची चरबी पुष्कळदा सापडते. अंडं, दूध, पोळी चालूच असणार, आणि ही सगळीसुद्धा संशयितच आहेत.

खाज कुठे आहे ते नीट बघा, त्यावरून बरंच कळतं. शेपटीच्या बुडाशी आणि कमरेवर असेल तर पहिला संशय पिसवांवर. कानांच्या कडा आणि कोपरांना खपल्या धरल्या असतील, आणि घरातल्या माणसांनाही खाज सुटली असेल, तर ती खरूज असू शकते, अ‍ॅलर्जी नव्हे. पंजे, काखा, जांघा, तोंड आणि कान, अशी तुमच्या लॅबसारखी मांडणी असेल तर धूळ-परागांची किंवा खाण्याची अ‍ॅलर्जी. नुसतं बघून या दोघींत फरक करता येत नाही.

तरीही सुरुवात पिसवांपासूनच करा. “आमच्याकडे पिसवा नाहीत” असं मीही ठणकावून सांगायचे. डॉक्टरीणबाईंनी बारीक फणी कमरेवरून फिरवली, निघालेले काळे कण ओल्या पांढऱ्या टिश्यूवर झटकले आणि थांबल्या. अर्ध्या मिनिटात प्रत्येक कणाभोवती तांबूस डाग पसरला. ती पिसवांची विष्ठा, म्हणजे पचलेलं रक्त. अ‍ॅलर्जी असलेल्या जनावराला एक-दोन चावे पुरतात, त्यामुळे पिसू डोळ्यांना दिसलीच पाहिजे असं नाही. घरातल्या एकूण पिसवांपैकी साधारण ९५ टक्के अंडी, अळ्या आणि कोशांच्या रूपात गादीत, सोफ्यात, फरशीच्या फटीत असतात. म्हणून औषध घरातल्या सगळ्या प्राण्यांना एकाच वेळी, आणि निदान तीन महिने न चुकता. मात्र कुत्र्याचं औषध मांजरीला कधीही लावू नका. कुत्र्यांच्या काही थेंबांत परमेथ्रिन नावाचं कीटकनाशक असतं, ते मांजरीच्या जिवावर बेततं.

दुसरी पायरी जंतुसंसर्गाची. खाजवून खाजवून कातडीवर जिवाणू आणि यीस्ट माजतात, मग त्यांचीच वेगळी खाज सुरू होते. कानाला आंबूस वास, पंजाचे पांढरे केस गंजल्यासारखे तांबूस, ही त्याची ओळख. डॉक्टर काचपट्टीवर नमुना घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघतात, दहा मिनिटांचं काम आहे. ते न करताच कुणी इंजेक्शन भरत असेल तर विचारा. गुंड्याला आधीच्या एका दवाखान्यात तीनदा स्टिरॉइडचं इंजेक्शन मिळालं. दोन दिवसांत खाज गायब, आम्ही खूश. तीन आठवड्यांनी पुन्हा येरे माझ्या मागल्या, आणि मध्ये बादलीभर पाणी पिऊन घरभर लघवी. स्टिरॉइड वाईट नाही, पण कारण न शोधता तेच ते देत राहणं वाईट.

शाम्पू क्लोरहेक्झिडिन या जंतुनाशकाचा, डॉक्टर सांगतील तो. फेस अंगावर दहा मिनिटं राहू द्यायचा असतो. मी मोबाइलवर गजर लावते, नाहीतर दोन मिनिटांत दोघांचाही धीर सुटतो. मागच्या वेळचे उरलेले कानाचे थेंब मात्र घालू नका. कानाचा पडदा फाटलेला असेल तर काही औषधांनी ऐकू येणंच बंद होऊ शकतं.

एवढं करून खाज उरली तरच खाण्याची परीक्षा. आधी कधीच न खाल्लेलं एक प्रथिन आणि एक पिष्ट, किंवा डॉक्टरांनी दिलेलं हायड्रोलाइज्ड (प्रथिनांचे बारीक तुकडे केलेलं) खाणं, आणि बाकी काहीही नाही. हे ‘काहीही नाही’ फार अवघड आहे. गुंड्याने बकऱ्याचं मटण कधी खाल्लं नव्हतं, म्हणून आम्ही मटण आणि रताळं निवडलं. अडतिसाव्या दिवशी कळलं की सासूबाई रोज चारच्या चहाला त्याला अर्धं बिस्किट देतात. “अर्ध्याने काय होतंय गं, बघतो कसा माझ्याकडे!” पुन्हा पहिल्या दिवसापासून. दुसऱ्या खेपेला बिस्किटांचा डबा माळ्यावर गेला आणि वॉचमनकाकांनाही सांगून ठेवलं. जंताची चघळायची चविष्ट गोळीही चालत नाही, तिची चव बहुधा मांसाचीच असते. आठ आठवड्यांत खाज कमी झाली, तरी जुनं खाणं परत देऊन बघायचं. दोन आठवड्यांत खाज परतली, तरच अ‍ॅलर्जी खाण्याची. रक्त, लाळ किंवा केस पाठवून खाण्याची अ‍ॅलर्जी सांगणाऱ्या चाचण्यांवर पैसे घालवू नका, त्या भरवशाच्या नाहीत.

आमच्याकडे मटणाने काही फरक पडला नाही. म्हणजे उरली अटोपी, म्हणजेच धूळ-परागांची अ‍ॅलर्जी. ती बहुतेक कुत्र्यांत सहा महिने ते तीन वर्षं या वयात सुरू होते, तुमचा लॅब त्यात बसतो. घरातल्या धुळीतले माइट्स, म्हणजे डोळ्यांना न दिसणारे बारीक जीव, हे मोठं कारण. आम्ही टेकडीजवळ राहतो आणि पावसाळ्यात तिथे गाजर गवत माजतं. फिरून आल्यावर पंजे आणि पोट ओल्या फडक्याने पुसून कोरडे करते, अंथरूण दर आठवड्याला गरम पाण्यात. खाज चढली की ऑक्लासिटिनिबच्या गोळ्या, डॉक्टरांच्या देखरेखीखाली. एक वर्षाच्या आतल्या पिल्लाला त्या देत नाहीत. माणसांच्या अ‍ॅलर्जीच्या गोळीने, सेटिरिझिनने, गुंड्याला फक्त झोप आली. अ‍ॅलर्जीच्या लसीचाही मार्ग आहे, पण गुण यायला कित्येक महिने, कधी वर्षही लागतं. अटोपी मुळातून जात नाही, आटोक्यात राहते. मी कॅलेंडरवर रोज शून्य ते दहा असा खाजेचा आकडा लिहिते. या महिन्यात तीनच्या वर गेलेला नाही.

एक अपवाद, ज्यात वाट बघायची नाही. मधमाशी डसल्यावर किंवा लस दिल्यावर तोंड सुजलं, अंगावर गांधी उठल्या, उलट्या, धाप किंवा भोवळ आली, तर तडक दवाखाना.

आता मांजर. मांजरं खाजवतात कमी, चाटतात जास्त, तेही लपून. म्हणून पोट गुळगुळीत होईपर्यंत कळत नाही. मानेवर, पाठीवर हात फिरवा. केसांखाली बाजरीच्या दाण्यांसारख्या खपल्या लागल्या तर बहुधा अ‍ॅलर्जीच, आणि पुन्हा पहिला संशय पिसवांवर. वरच्या ओठावर व्रण आहे का बघा. मान पुढे काढून, अंग जमिनीला टेकवून खोकते का, हेही बघा. लोकांना वाटतं केसांचा गोळा अडकलाय, पण तो दमा असू शकतो. तिचं खाणं एकदम बदलू नका. दोन-तीन दिवस उपाशी राहिली तर मांजरीचं यकृत बिघडतं. क्लोरोझायलेनॉलसारखी फिनॉलवाली घरगुती जंतुनाशकं किंवा टी-ट्री तेल तिला लावू नका, पॅरासिटामॉल तर अजिबात नाही. आणि दोघांपैकी एकालाच आधी नेणं जमणार असेल, तर मांजरीला न्या.