गुरुजींना मी आठवेन का?

"इतक्या वर्षांनी गुरुजींना शोधून त्रास द्यावा का, आणि त्यांना मी आठवलेच नाही तर?" हा प्रश्न समुपदेशनाच्या कामात माझ्याकडे निरनिराळ्या तोंडांनी येत असतो. ज्या बाईंनी तो अलीकडे विचारला, त्यांची हकीकत त्यांच्या संमतीने, ओळख पटेल असे तपशील बदलून सांगतो.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपती विसर्जनाची रात्र उलटता उलटता, लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात भूकंप झाला आणि किल्लारी परिसरातील दगड-मातीची माळवदाची घरे झोपलेल्या माणसांवर कोसळली. या बाई तेव्हा पहिलीत होत्या आणि गणपतीसाठी लातूर शहरात मामांकडे गेल्या होत्या. आईवडील गेले, मामांनी वाढवले, आणि घरात त्या विषयावर कोणी बोलायचे नाही असे न सांगताच ठरून गेले. आईचा एक फोटो सोडला तर त्यांच्याजवळ काही नव्हते. आपण मामांकडे राहण्याचा हट्ट केला, म्हणून आई रागावलेली असतानाच ताटातूट झाली, असे त्यांच्या मनाने घेतले होते. पहिलीचे गुरुजी हयात असल्याचे एका लग्नात त्यांच्या कानावर आले.

मी त्यांना लगेच फोन करू दिला नाही. आधी स्वतःला जे आठवते ते, अर्धवट असले तरी, तारीख घालून वहीत लिहायला सांगितले. याला कारण आहे. सहा-सात वर्षांपर्यंतच्या आठवणी मुळातच तुटक असतात आणि दुसऱ्याने सांगितलेले त्यांत सहज मिसळते. स्मृतीचा अभ्यास करणाऱ्या अमेरिकी मानसशास्त्रज्ञ एलिझाबेथ लॉफ्टस यांच्या १९९५ च्या प्रयोगात, लहानपणी बाजारात हरवल्याची बनावट हकीकत घरच्यांकडून कळली आहे असे सांगून दिल्यावर, सुमारे पाव लोकांना ती पूर्णतः किंवा अंशतः 'आठवली'. म्हणून "आई माझ्यावर रागावली होती ना?" असे न विचारता "आईबद्दल काय आठवते?" एवढेच विचारायचे, असे आम्ही ठरवले.

दुसरी गोष्ट गुरुजींच्या बाजूची होती, आणि शोधणाऱ्याला ती बहुधा सुचत नाही. ज्यांच्याकडे आपण आठवणी मागतो, त्यांचाही वर्ग त्या पहाटे गेलेला असतो. त्यामुळे पुनर्वसित गावातील शाळेच्या मुख्याध्यापकांमार्फत आधी पत्र पाठवले. त्यात वडिलांचे नाव, इयत्ता, वर्ष, आणि "बोलावेसे वाटले नाही तरी माझी काही तक्रार नाही" हे वाक्य होते. ३० सप्टेंबर आणि शिक्षक दिन हे दोन्ही दिवस मुद्दाम टाळले. अशा दिवशी माणूस आधीच भरून आलेला असतो.

बाराव्या दिवशी गुरुजींचाच फोन आला. "पाटीवरची पेन्सिल खायचीस तू, बाळ. तुझी आई शाळेच्या दारात येऊन पदराच्या गाठीतले फुटाणे द्यायची, म्हणायची, गुरुजी, हे खाऊ दे, पण माती खाऊ देऊ नका." पेन्सिलीची चव बाईंच्या वहीत आधीच लिहिलेली होती, फुटाणे नव्हते. आई उंच होती असेही गुरुजी म्हणाले. फोटोतली आई शेजारच्या बायकांच्या खांद्याला लागते. कदाचित वर्गातल्या दुसऱ्या मुलीची आई त्यांच्या डोळ्यांपुढे आली असावी. बाईंनी हे दोन्ही वहीत वेगवेगळ्या रकान्यांत लिहिले, याचे मला कौतुक वाटले. रागाबद्दल गुरुजींना काहीच ठाऊक नव्हते. तो प्रश्न आमच्या कामात अजून आहे, आणि कोणत्याही शिक्षकाने तो सोडवावा अशी अपेक्षा मुळात ठेवू नये.

फोन ठेवण्याआधी गुरुजी न सांगता त्या वर्गाची हजेरी म्हणू लागले. मध्येच बाईंचे नाव आले, तेव्हा काय म्हणावे ते त्यांना सुचले नाही आणि गुरुजी पुढच्या नावाकडे गेले. पुढच्या भेटीला बाईंनी ती नावे अनुक्रमांक घालून लिहून आणली होती. त्यांत दोन जागा रिकाम्या होत्या, आणि त्या विचारण्यासाठी रविवारी पुन्हा फोन करायचे ठरले होते.