इंग्रजीसाठी मालिका बघताय? दोनच मिनिटं बघा

अख्खा एपिसोड लावू नका. हसण्यात वीस मिनिटं जातात आणि हाती एकही शब्द लागत नाही. माझं पहिलं वर्ष असंच गेलं. ‘फ्रेंड्स’मधला (१९९४–२००४) कॉफीच्या दुकानातला दोन मिनिटांचा तुकडा घ्या. आधी सबटायटलशिवाय बघा, मग इंग्रजी सबटायटल लावून. हिंदी नकोच, डोळे तिकडेच पळतात.

वहीत सुटा शब्द नको, पूर्ण वाक्य उतरवा. ‘रन आउट’ म्हटलं की आपल्याला क्रिकेट आठवतं, पण ‘वुई रॅन आउट ऑफ मिल्क’ म्हणजे दूध संपलं. कॉफी हवी का विचारल्यावर ‘आय ॲम गुड’ म्हणजे ‘नको, राहू दे’. हे कोश चाळून चटकन कळत नाही, बोलणाऱ्याचा चेहरा आणि हात बघून कळतं. मग तेच वाक्य त्याच सुरात मोठ्यानं म्हणा, घरचे हसले तरी. ‘गॉना’, ‘वॉना’ ऐकून दचकू नका. ते ‘गोइंग टू’ आणि ‘वॉन्ट टू’च. फक्त नोकरीच्या अर्जात लिहू नका!

आणि हो, ‘मिस्टर बीन’ मजेपुरता ठेवा. तो बोलतोच कुठे?