लाँग रनच्या दिवशी दूध कोण तापवतं?

नाशिक, रविवार दुपार

प्रिय मुली,

सकाळी गोल्फ क्लबच्या ट्रॅकवर तू मेडल हातात ठेवलंस आणि खूप आनंद झाला. पहिलीच हाफ मॅरेथॉन, २१ किलोमीटर, आणि शेवटच्या तीन किलोमीटरला पाय जड झाले तरी चालली नाहीस. आता जानेवारीत मुंबईची फुल मॅरेथॉन, ४२ किलोमीटरची, करायची म्हणतेस. जरूर कर. वेग, बूट, खाणंपिणं यावर आपण ट्रॅकवर बोलतच असतो. आज लिहितेय ते मात्र तिथे बोलता येईना, कारण तुझी आई शेजारच्या बाकावर बसली होती.

"घरच्यांना यातलं काही कळत नाही, माझं मीच करते," असं तू म्हणालीस. ती तेव्हा तुझं जर्किन मांडीवर घेऊन घडी घालत होती. तिने मान वर केली नाही, पण हात थांबले होते.

आमच्या सासूबाईंनाही यातलं काही कळत नव्हतं. मी पळायला लागले तेव्हा अडतिशीत होते, दोन मुलं शाळेत. "एवढं धावून जायचं तरी कुठे असतं गं?" असं त्यांनी पहिल्याच आठवड्यात विचारलं. पण पहाटे मी दार ओढून घेतलं की त्या उठायच्या. दूध तापवायच्या, नळाला पाणी आलं की भरून ठेवायच्या, मुलांना उठवायच्या. मी परत येईपर्यंत घर मार्गी लागलेलं असायचं. पाण्याचा तांब्या पुढे करून एकच विचारायच्या, "पडली नाहीस ना कुठे?" म्हाताऱ्या माणसांना झोप कमीच असते, असं मी धरून चालले होते. पुढे नणंदेने सांगितलं, की गुडघ्यांमुळे त्यांना रात्रभर डोळा लागत नसे आणि झोप यायची ती पहाटेचीच. दीड वर्ष मी त्यांची तीच झोप घेत होते.

आणि तुझे काका. थंडीत गंगापूर रोडला पाच वाजता काळोख असतो, आनंदवल्ली सोडली की कुत्री मागे लागतात. लाँग रनला, म्हणजे आठवड्यातल्या सगळ्यात लांब पळण्याला, ते स्कूटरवर माझ्या मागे यायचे, कानटोपी आणि मफलर गुंडाळून, धरणाच्या बाजूला आणि परत. माझ्या वेगाने स्कूटर चालवायची म्हणजे ताशी आठ-नऊ किलोमीटर. सारखा तोल जातो, पाय टेकावे लागतात. दिव्याच्या उजेडात माझी लांबच लांब सावली रस्त्यावर पुढे पळायची. तो उजेड कोणीतरी धरून आहे, हे मला तेव्हा जाणवतच नसे.

पहिल्या फुलची एक गोष्ट मी कोणाला फारशी सांगत नाही. मुंबईला पेडर रोडचा चढ येतो तो छत्तीस-सदतीस किलोमीटर झाल्यावर, अंगात काही उरलेलं नसतं तेव्हा. काका तिथे पहाटेपासून उभे होते. संत्रं सोलून, फोडींवरच्या पांढऱ्या शिरासुद्धा काढून, डब्यात घेऊन. मला पाच तासांच्या आत यायचं होतं. त्यांनी हाक मारली, मी घड्याळाकडे बघत हात हलवला आणि पुढे निघून गेले. चार तास सत्तावन्न मिनिटांत पोचले. संध्याकाळी पंचवटी एक्सप्रेसने परत येताना कसाऱ्याच्या पुढे त्यांनी पिशवीतून डबा काढला. फोडी वाळून कडक झाल्या होत्या. "आता खा," म्हणाले. मला त्या गिळवेनात. थांबले असते तर फार तर पंधरा सेकंद गेले असते.

म्हणून तुला काही गोष्टी आत्ताच सांगते. फुलची तयारी साधारण अठरा आठवड्यांची धर, म्हणजे सप्टेंबरच्या मध्यात सुरुवात. नवरात्र, दिवाळी सगळं त्यातच येतं. तुझे लाँग रन स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर आधीच लिहून टाक, आणि आईला विचारून लिही. फराळाच्या आठवड्यात ती एकटी चकल्या तळत असताना तू पंचवीस किलोमीटर करून येऊन झोपणार असशील, तर तो रन आठवडाभर पुढे ढकल. एका रनने काही बिघडत नाही.

लाँग रन सावकाश कर, शेजारच्याशी बोलता येईल इतका. हे मी शरीरासाठी सांगतेच, पण घरासाठीही सांगते. जोरात पळून आलेली मुलगी दिवसभर अंथरुणात असते. सावकाश पळून आलेली अंघोळ करून भाजी निवडायला बसू शकते. आणि शेवटचे दोन-तीन आठवडे अंतर कमी करायचं असतं, टेपर म्हणतात तो. तेव्हा हाताशी आलेल्या पहाटा आईला दे. दूध तू तापव, तिला झोपू दे.

मैत्रिणींचंही तसंच. माझ्या तीस किलोमीटरच्या रनला सोमेश्वरपासून शेवटचे दहा किलोमीटर एक मैत्रीण सोबत यायची. तिला स्वतःला कुठली रेस नव्हती. तिच्या मुलीच्या दहावीच्या वर्षी मी दोन महिने माझे सकाळचे रन सोडून तिच्या सोयीने संध्याकाळी तिच्याबरोबर नुसती चालले. त्याने माझा वेग कमी झाला, झाला तर झाला.

आपल्या जिल्ह्यातल्या सावरपाड्याची कविता राऊत २०१० साली दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटरला कांस्यपदक घेऊन आली, तेव्हा आपण सगळ्यांनी तिचा फोटो पाहिला. तिला घडवणारे विजेंदर सिंग वर्षानुवर्षं नाशिकच्या रस्त्यांवर घड्याळ घेऊन उभे होते, ते किती जणांनी पाहिले? मला ती दोन्ही माणसं एकदमच आठवतात.

स्टेटसला "थँक्यू फॅमिली" लिहिलंस, ते छानच. पण तुझी आई स्टेटस बघत नाही, हे तुलाही माहीत आहे. आज मेडल तिच्या हातात दे आणि कुठल्या वळणावर काय झालं ते सगळं सांग. तिला किलोमीटर कळणार नाहीत, तू कुठे दमलीस ते बरोबर कळेल.

पुढच्या रविवारी सहाला गोल्फ क्लबच्या गेटशी ये. आईलाही घेऊन ये, पण बाकावर बसवू नकोस. तिला चालायचे बूट घालून आण. तू तुझे बारा किलोमीटर पळ, तोवर आम्ही दोघी ट्रॅकवर चालू. चहाचा थर्मास मी आणते.

तुझी,
मावशी