दोन कार्डं, दोन पत्ते, दुकान एकच?

प्रश्न : आम्ही इचलकरंजीत यंत्रमागाचे सुटे भाग विकतो. तैपेईच्या पुरवठादाराच्या कार्डावर वेबसाइटचा पत्ता चिनी लिपीत आहे. त्यांच्या शांघाय शाखेच्या कार्डावर तेच नाव, पण दोन अक्षरं निराळी. ब्राउझरमधून कॉपी केलं की दोन्हींचं ‘एक्सएन’ने सुरू होणारं वेगळंच काहीतरी येतं. यातलं एक बनावट तर नाही ना?
– एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : अक्षरं निराळी आहेत एवढ्यावरून लगेच बनावट म्हणू नका. चीनने 1956 पासून बऱ्याच अक्षरांच्या रेघा कमी केल्या. तैवान आणि हाँगकाँगने जुनं वळण ठेवलं. ‘देश’ या अर्थाचं अक्षर जुन्या पद्धतीत 11 रेघांचं, नव्यात 8. वाचणाऱ्याला शब्द एकच. युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकासाठी प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, मात्र दोन्हींना स्वतंत्र क्रमांक आहेत, आणि तुम्हाला दिसलेली ‘एक्सएन’ची शेपटं त्या क्रमांकांवरूनच बनतात. म्हणून ती वेगळी.

मग इंग्रजीतलं मोठं ए आणि लहान ए जसं एकच धरतात, तसं इथे का नाही? मलाही आधी हेच वाटायचं. पण ‘सम्राज्ञी’चं आणि ‘नंतर’चं अक्षर घ्या. उच्चार दोन्हींचा ‘हौ’, जुन्या लिपीत अक्षरं दोन. नव्या लिपीत ‘नंतर’साठीही सम्राज्ञीचंच अक्षर वापरतात! आता यंत्राने उलटं रूपांतर करताना बाईंना बसवायचं की काळाला, हे अर्थ कळल्याशिवाय ठरत नाही. आणि वेबसाइटची नावं सांभाळणाऱ्या डोमेन यंत्रणेला अर्थ कुठून कळणार? त्यात जपान्यांची तऱ्हा आणखी वेगळी: अक्षरं चिनीच, पण जुनं आणि नवं रूप ते दोन स्वतंत्र नावं मानतात.

तेव्हा तोडगा नोंदणी कार्यालयात निघाला. चीन, तैवान, जपान, कोरियाच्या नोंदणी संस्थांनी मिळून मार्गदर्शक नियम केले. ते 2004 मध्ये प्रसिद्ध झाले. नाव मागणाऱ्याला त्याची रूपं गठ्ठ्याने द्यायची. नवं-जुनं चालू करायचं, उरलेली मिश्र रूपं त्याच्याच नावावर राखून ठेवायची, दुसऱ्याला द्यायची नाहीत. 2010 मध्ये ‘चीन’ आणि ‘तैवान’ ही पत्त्याच्या शेवटी (‘डॉट इन’च्या जागी) येणारी चिनी लिपीतली नावंसुद्धा दोन्ही वळणांत मंजूर झाली. मला हा मार्ग पटतो, कारण भाषेचा निर्णय भाषा येणाऱ्यांनीच घेतला.

पण हे नियम नोंदणी संस्थेगणिक बदलतात, म्हणून पत्त्याचा शेवटचा भाग आधी पाहा. मग ‘एक्सएन’ची दोन्ही रूपं ‘हूइज’ शोधात, म्हणजे वेबपत्ता कोणाच्या नावावर आहे ते दाखवणाऱ्या शोधात, टाका: मालक आणि नेमसर्व्हर (पत्त्याला वेबसाइटशी जोडून देणारे संगणक) तेच दिसले तर चिंता कमी. नाही जुळले, किंवा मालकाचं नाव लपवलेलं असलं, तर तैपेईच्या तुमच्या जुन्या ओळखीच्या फोनवर विचारा. नव्या कार्डावरच्या नंबरावर नको. तोवर बँकेतून आगाऊ रक्कम सोडू नका.