पंप बदलण्याआधी दाब मोजा

प्रश्न : माझी फ्युएल इंजेक्शनची पेट्रोल पिकअप वीस वर्षांची आहे. सपाटीवर ठीक चालते, पण माल भरून चढाला लागली की दम सोडते. टाकीतला पंप दोन वर्षांपूर्वीच बदलला होता. आता पुन्हा बदला म्हणतात. बदलू का?

उत्तर : आत्ता नको. दोन वर्षांत पंप खरंच गेला असेल, तर त्याला मारणारं कारण अजून गाडीतच असण्याची शक्यता मोठी. आधी इंधनाच्या लाइनला प्रेशर गेज, म्हणजे दाब मोजायचं मीटर, लावा. अशा बहुतेक इंजिनांत इंधनाचा दाब ४० ते ६० पीएसआय (दाबाचं एकक) असतो. तुमच्या मॉडेलचा नेमका आकडा मॅन्युअलमध्ये पाहा.

दाब कमी दिसला तरी लगेच पंपावर खापर फोडू नका. फिल्टर तुंबलेला असतो, टाकीतल्या पंपाची जाळी गंजाच्या गाळाने भरलेली असते, किंवा पंपाला वीजच पुरत नसते. हे शेवटचं कारण फार कमी लोक तपासतात, आणि मला त्याचीच जास्त खंत वाटते, कारण तपासायला दहा मिनिटं पुरतात. पंप चालू असताना त्याच्या कनेक्टरवर आणि बॅटरीवर व्होल्टेज मोजा. एक व्होल्टहून जास्त फरक आला तर वायर, रिले (पंपाची वीज चालू-बंद करणारा स्विच) आणि अर्थिंग पाहा. जुन्या गाडीत चॅसीवरचा अर्थिंगचा बोल्ट हमखास गंजलेला सापडतो.

आणखी एक विचारतो : टाकी कायम तळाला आल्यावरच भरता का? आतला पंप इंधनानेच थंड राहतो. पाव टाकी शिल्लक असतानाच भरत जा.

प्रश्न : पंप बदलायचाच ठरला, तर टाकी उतरवावी की मागचा माल ठेवायचा हौदा उचलावा?

उत्तर : टाकी भरलेली असेल आणि हाताशी चार माणसं असतील तर हौदा. बोल्टांवर आदल्या दिवशी गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. इंधन भरायच्या नळीचे स्क्रू, मागच्या दिव्यांचा कनेक्टर आणि अर्थिंगची वायर सोडवल्याशिवाय हौदा हलवू नका. वरून सगळ्या नळ्या डोळ्यांसमोर येतात, हा मोठा फायदा.

त्याआधी पंपाचा रिले काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा, म्हणजे लाइनमधला दाब उतरतो. मग बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. काम मोकळ्या हवेत करा, खड्ड्यात कधीच नको : पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती तिथे साचून राहते. पंपाला टाकीवर धरून ठेवणारी लॉक रिंग लोखंडी छिन्नीने ठोकू नका, पितळेचा तुकडा वापरा. रिंगखालचं सील नवंच टाका.

प्रश्न : तडकलेल्या नळीऐवजी साधा रबरी पाइप चालेल का?

उत्तर : नाही. इंजेक्शनच्या गाडीला नळीवर एसएई जे३०आर९ हे इंधनाच्या नळीचं मानक छापलेलं पाहून घ्या. आर७ ही कार्ब्युरेटरच्या कमी दाबासाठी असते. टाकीच्या आत यातली कुठलीच नको. तिथे नळी बाहेरूनही इंधनात बुडालेली असते, त्यासाठी आर१० लागते. इथे काटकसर करू नका, गरम इंजिनावर फवारा उडाला तर गाडी पेटते.

प्रश्न : जुनी डिझेल पिकअप रात्रभर उभी राहिली की सकाळी बराच वेळ सेल्फ मारावा लागतो. गळती कुठेच दिसत नाही.

उत्तर : गाडी एअर घेते आहे. टाकीपासून फीड पंपापर्यंतची (टाकीतून डिझेल ओढणाऱ्या पंपापर्यंतची) लाइन ओढीची असते. तिथल्या बारीक फटीतून डिझेल बाहेर येईलच असं नाही, हवा मात्र आत जाते. फीड पंपाच्या आधी डिझेलला चालणारी पारदर्शक नळी तात्पुरती जोडा. बुडबुडे दिसले की टाकीच्या दिशेने एकेक जोड तपासत जा. फिल्टरचं सील आणि हातपंप यांच्यावर माझा पहिला संशय असतो. नळी जोडणारा पोकळ बॅन्जो बोल्ट उघडलात तर तांब्याचे वॉशर नवे टाका, आणि शेवटी हवा काढायचा ब्लीड स्क्रू सैल करून सलग डिझेल येईपर्यंत हातपंप मारा.

प्रश्न : कार्ब्युरेटरची गाडी आहे. ऑइलची पातळी आपोआप वाढली आहे आणि डिपस्टिकला पेट्रोलचा वास येतो.

उत्तर : गाडी आजपासून सुरू करू नका. इंजिनावरच्या मेकॅनिकल पंपाचा पडदा फाटला असेल, तर पेट्रोल थेट चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाखाली ऑइल साठतं तिथे, उतरतं. कार्ब्युरेटरमध्ये येणारं पेट्रोल अडवणारी नीडल अडकली तरी असंच होतं, म्हणून दोन्ही पाहा. पातळ झालेलं ऑइल बेअरिंगला वाचवत नाही. दोष काढल्यावर ऑइल आणि त्याचा फिल्टर बदला, त्यानंतरच चावी फिरवा.