बातम्या मी मनावर घेते, कारण त्या आमच्या कांद्याच्या चाळीपर्यंत पोचतात

तुम्ही विचारलंय की राजकारणाच्या आणि चालू घडामोडींच्या बातम्या वाचून मनात पहिलं काय येतं. पुढे लिहिलंय की तुम्ही बातम्या बघणंच सोडलंय, कारण "आपल्या आयुष्यात त्याने काडीचाही फरक पडत नाही". इतरांना पडतो का, असं तुम्हाला जाणून घ्यायचंय.

पडतो. आमच्या घरात तो क्विंटलमागे मोजता येतो.

माझं माहेर निफाड तालुक्यातलं, सासर नाशिक शहरातलं. माहेरी नाना आणि भाऊ कांदा पिकवतात. मला तिकडून गोणी येते, पण सिडकोतल्या आमच्या इमारतीत बाकी सगळ्याजणी तोच कांदा किलोने विकत घेतात. त्यामुळे "कांदा स्वस्त होणार" ही बातमी मला एकाच वेळी दोन घरांतून ऐकू येते. एका घरात सुटकेचा श्वास, दुसऱ्या घरात जेवणं अर्धवट. युद्धाच्या, पक्ष फुटल्याच्या, कोण कोणाला काय म्हणालं याच्या बातम्या मीही वाचते आणि विसरते. कांद्याची बातमी मात्र विसरता येत नाही, म्हणून तिच्याबद्दलच लिहिते.

7 डिसेंबर 2023 या तारखेची एक अधिसूचना निघाली. 31 मार्च 2024 पर्यंत कांद्याची निर्यात बंद, आणि अंमल लगेच. ज्यांचा माल आधीच जहाजावर चढायला लागला होता किंवा कस्टमच्या ताब्यात गेला होता, अशांना सवलत होती. शेतात काढून पडलेल्या कांद्यासाठी अर्थातच काही नव्हतं. भावाचा लाल कांदा तेव्हा काढून झाला होता, ट्रॉली भरून दारात उभी होती. दुसऱ्या दिवशी जिल्ह्यातल्या बऱ्याच बाजार समित्यांमध्ये लिलाव होऊ शकले नाहीत. चांदवडला शेतकरी मुंबई-आग्रा महामार्गावर बसले. टीव्हीवर त्या दिवशी खाली पट्टी फिरत होती, सर्वसामान्यांना दिलासा. नाना कधी टीव्हीवर ओरडत नाहीत. त्यांनी रिमोट घेऊन आवाज बंद केला आणि चित्र तसंच चालू ठेवलं.

इथे थोडं शेतीचं सांगावं लागेल, नाहीतर डिसेंबर का महत्त्वाचा ते कळणार नाही. आमच्याकडे कांदा तीन वेळा येतो. खरिपाचा लाल, त्यानंतर रांगडा, आणि मार्च-एप्रिलमध्ये निघतो तो उन्हाळ. उन्हाळ कांदा चाळीत, म्हणजे कांदा साठवायच्या हवेशीर मांडवात, चार-पाच महिने राहतो. भाव नसेल तर शेतकरी थांबू शकतो. लाल कांद्यात पाणी जास्त असतं, तो टिकत नाही. काढला की विकायचाच, असेल त्या भावात. म्हणजे डिसेंबरमध्ये बंदी घातली की ती अशा माणसावर पडते ज्याला थांबायची सोयच नाही. लासलगावला क्विंटलला चार हजारांच्या आसपास असलेला सरासरी भाव काही आठवड्यांत निम्म्यावर आला. मजुरी, खतं, औषधं, गाडीभाडं, हमाली, तोलाई, सगळं तेवढंच राहिलं.

चाळीतल्या कांद्याचंही काही सुखाचं नाही. ऑगस्टमध्ये माहेरी गेले की मी वहिनीबरोबर चाळीत बसते. बाहेरच्या पट्ट्यांजवळचा कांदा हाताला कडक आणि कोरडा लागतो. हात आत घालावा तसं उबट, ओलसर लागायला लागतं, आणि एक सडका कांदा सापडला की त्याच्या भोवतीचे सात-आठ तरी चिकट झालेले असतात. वहिनी न बघता, फक्त बोटांनी दाबून चांगला, गोल्टी म्हणजे बारका, आणि फेकायचा असे तीन ढीग करत जाते. आठवड्याआड हे काम असतं, कारण पावसाळी हवेत सड थांबत नाही आणि जो सडत नाही त्याचंही वजन घटतं. तर अशी महिनोन्‌महिने राखण करून, सप्टेंबरात जरा बरा भाव मिळेल म्हणून माल धरलेला असताना, 19 ऑगस्ट 2023 ला शनिवारी बातमी आली की निर्यातीवर 40 टक्के शुल्क लागलं. सोमवारपासून व्यापाऱ्यांनी लिलाव बंद केले. मग नाफेड, म्हणजे केंद्रासाठी शेतमाल खरेदी करणारी संस्था, 2410 रुपये क्विंटलने दोन लाख टन घेणार, अशी घोषणा झाली. ऑक्टोबरच्या शेवटी टनाला 800 डॉलर किमान निर्यातमूल्य आलं, म्हणजे त्याहून स्वस्तात कांदा बाहेर पाठवायचा नाही, आणि डिसेंबरात थेट बंदी. पाच महिन्यांच्या आत तीन वेळा नियम बदलले. या काळात कांदा लावायचा की नाही, चाळीत भरायचा की विकायचा, हे शेतकऱ्याने कशाच्या जोरावर ठरवायचं?

माझा राग भाव पडण्यावर नाही. भाव पडतो, चढतो, हे नानांनी आयुष्यभर बघितलंय आणि त्याची त्यांची तयारी असते. आवक वाढली की भाव उतरणार, हे कोणी शिकवावं लागत नाही. राग येतो तो एका रात्रीत येणाऱ्या निर्णयाचा. पाऊस निदान आभाळात दिसतो. अधिसूचना दिसत नाही.

आता तुम्ही म्हणाल की ही सरकारविरोधी आहे. मी कुठल्याच पक्षाची नाही, आणि हा प्रश्नही एका पक्षाचा नाही. सप्टेंबर 2011 मध्ये केंद्रात काँग्रेस आघाडीचं सरकार होतं, कृषिमंत्री आपल्याच महाराष्ट्राचे शरद पवार होते, तेव्हाही कांद्याची निर्यात बंद झाली होती. नाशिकमध्ये आंदोलन पेटलं आणि काही दिवसांतच ती बंदी मागे घ्यावी लागली. डिसेंबर 2023 मध्ये चांदवडच्या आंदोलनात पवार स्वतः आले होते. सत्तेत असताना एक भाषा आणि बाहेर असताना दुसरी, हे दोन्ही बाजूंचं नानांच्या वयाच्या लोकांनी पाहिलेलं आहे. त्यांच्या पिढीला 1980 चं शरद जोशींचं ऊस-कांदा आंदोलन आठवतं. रस्ते आणि रेल्वे अडवल्या होत्या, खेरवाडीला गोळीबारात शेतकरी गेले. नाना तेव्हा तरुण होते. "भीक नको, हवे घामाचे दाम" ही घोषणा ते अजून म्हणतात तेव्हा त्यांचा आवाज बदलतो.

2020 सालचं उदाहरण मला सगळ्यात जास्त लागलं. त्या वर्षी जूनमध्ये वटहुकूम काढून कांदा, बटाटा, डाळी वगैरेंना जीवनावश्यक वस्तूंच्या रोजच्या बंधनांतून मोकळं केलं होतं. शेतकऱ्याला बाजाराचं स्वातंत्र्य, असं सांगितलं गेलं. 14 सप्टेंबरला कांद्याची निर्यात बंद झाली. आणि 15 सप्टेंबरला त्याच वटहुकमाच्या जागी आणलेलं विधेयक लोकसभेत मंजूर झालं. एका दिवसाचं अंतर. कृषी कायद्यांच्या बाजूचे आणि विरोधातले दोघेही तेव्हा तावातावाने बोलत होते, पण या दोन तारखा एकमेकींशेजारी ठेवून बोलणारं मला कोणी भेटलं नाही. तेव्हापासून चर्चा बघण्याऐवजी मूळ आदेश वाचायची सवय लागली. तो परकीय व्यापार महासंचालनालयाच्या संकेतस्थळावर असतो, एक-दोन पानांचा. भाषा किचकट असते, पण तारीख, अपवाद आणि मुदत एवढं वाचलं तरी अर्ध्या चर्चेची गरज उरत नाही.

दुसरी बाजूही मला घरबसल्या दिसते. आमच्या इमारतीत धुणीभांडी करायला येणाऱ्या ताईंना 2023 च्या दिवाळीच्या सुमारास कांदा सत्तर-ऐंशी रुपये किलोने घ्यावा लागत होता. त्यांनी भाजीत कांदा घालणंच बंद केलं होतं. भाकरीबरोबर हाताने फोडलेला कांदा हे ज्यांचं जेवण आहे, त्यांच्यासाठी कांदा म्हणजे चैनीची वस्तू नव्हे, ताटातला अर्धा घास. त्यांच्यासमोर बसून "शेतकऱ्याला भाव मिळालाच पाहिजे" असं नुसतं म्हणणं मला जमत नाही. 1998 मध्ये कांद्याच्या महागाईत दिल्लीतलं सुषमा स्वराज यांचं सरकार निवडणुकीत गेलं, ते उगाच नाही. शहरातल्या माणसाचा रागही खरा आहे.

पण मला जे ठामपणे वाटतं ते असं, की गरीबाला स्वस्त कांदा द्यायचा असेल तर तो सरकारने तिजोरीतून द्यावा. खुल्या बाजारातून, लिलावात उतरून घ्यावा आणि शहरात कमी भावाने विकावा. हे अशक्य नाही. 2023 मध्येच सरकारी संस्थांनी शहरांत 25 रुपये किलोने कांदा विकला. त्यात जो तोटा येईल तो सगळ्या देशाने मिळून सोसायचा असतो. निर्यात बंद केली की तोच तोटा निफाड, येवला, चांदवड, देवळा, सटाण्यातल्या शेतकऱ्याच्या एकट्याच्या अंगावर येतो, आणि तो कुठल्याच अंदाजपत्रकात दिसत नाही. शिवाय बाहेरचं गिऱ्हाईक तुटतं. दुबईच्या किंवा कोलंबोच्या व्यापाऱ्याला दर वर्षी आपला कांदा येईल की नाही याचा भरवसा राहिला नाही, की तो पाकिस्तानकडे किंवा आणखी कोणाकडे वळतो. शुल्क पुढे कमी होत गेलं, 1 एप्रिल 2025 पासून पूर्ण गेलं. तरी 2025 चा उन्हाळ कांदा आमच्याकडे काही चांगल्या भावाने गेला नाही. दार उघडलं म्हणजे गेलेला माणूस लगेच परत येतो असं नसतं.

2024 ची लोकसभा मी याच नजरेने पाहिली. मार्चमध्ये बंदीची मुदत संपण्याआधीच ती पुढे वाढवली. एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात गुजरातच्या पांढऱ्या कांद्याला दोन हजार टनांच्या निर्यातीची परवानगी मिळाली, तेव्हा आमच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रात्रभर मेसेज चालू होते. 4 मे रोजी बंदी उठली, पण 550 डॉलरचं किमान मूल्य आणि 40 टक्के शुल्क ठेवून. 20 मेला आमच्याकडे मतदान होतं. त्याआधी पिंपळगाव बसवंतच्या सभेत पंतप्रधानांचं भाषण चालू असताना एकाने उठून "कांद्यावर बोला" असं ओरडून सांगितलं, तो प्रसंग सगळ्यांनी पाहिलाय. नाशिक आणि दिंडोरी, दोन्ही जागा सत्ताधाऱ्यांच्या हातून गेल्या. दिंडोरीत तर केंद्रात राज्यमंत्री असलेल्या भारती पवार हरल्या. भाऊ खूश होता. मला तेवढा आनंद झाला नाही, कारण निकालाने भाव बदलत नाही. आणि नोव्हेंबरमध्ये विधानसभेला याच जिल्ह्यात पंधरापैकी चौदा जागा महायुतीला गेल्या. कांद्याने सरकारं पडतात, हे वाक्य पत्रकार सहज लिहून टाकतात. मतदार इतका एकसुरी नसतो. कोणी लाडकी बहीण बघून मत देतो, कोणी जात बघून, कोणी गावातला रस्ता बघून, आणि कांदा त्या सगळ्यात एक असतो.

आता तुमच्या प्रश्नाकडे. तुम्ही बातम्या सोडल्या याचं कारण मला समजतं. रोज संध्याकाळी आठ माणसं एकमेकांवर ओरडताना बघून कोणाचंही डोकं दुखेल. ते जरूर सोडा. पण ज्या एका गोष्टीवर तुमचं घर चालतं, ती गोष्ट सोडू नका. तुम्ही कारखान्यात असाल तर कामगार कायदे, शिक्षक असाल तर भरतीचे आदेश, घरी कोणी आजारी असेल तर आरोग्य योजनेचे नियम. त्या एका विषयाचे कागद वाचा, तारखा लिहून ठेवा. मी एका वहीत कांद्याच्या तारखा लिहून ठेवल्यात आणि घरी वाद झाला की तीच वही काढते. भावाशी माझं भांडण त्यामुळे कमी झालंय असं नाही, पण निदान दोघंही त्याच तारखांवर भांडतो.

पहिली प्रतिक्रिया विचाराल तर ती अजूनही पोटात गोळा येण्याचीच आहे. बातमीत "निर्यात" शब्द दिसला की मी आधी माहेरी फोन लावते आणि विचारते, माल कुठे आहे, शेतात, चाळीत की गाडीत. त्यानंतर आदेश वाचते.

पुढच्या निवडणुकीत आमच्या ओट्यावर जो कोणी मत मागायला येईल, कुठल्याही पक्षाचा, त्याला मी आणि वहिनी एकच विचारणार आहोत. निर्यातीवर बंदी किंवा शुल्क घालायचं झालं, तर शेतकऱ्याला निदान एका पिकाआधी सांगाल का? वहिनीचं म्हणणं आहे की उत्तर तोंडी घ्यायचं नाही, लेटरहेडवर सहीनिशी मागायचं. मला ते पटलंय.