बांधकामात अडथळा आला असताना मुदतवाढीचे पत्र कधी आणि कसे द्यावे?

बी-१ (टक्केवारी दराच्या) निविदेवर घेतलेल्या शाळेच्या इमारतीच्या जागेतून जाणारी वीजवाहिनी अद्याप हलवलेली नाही, त्यामुळे एका बाजूची फुटिंग (स्तंभांखालचे पाये) अडली आहेत आणि उपअभियंता ‘काम चालू ठेवा, मुदतवाढीचे शेवटी पाहू’ असे तोंडी सांगत आहेत, तर पत्र आत्ताच द्यावे का, असे आपण विचारले आहे. पत्र याच आठवड्यात द्यावे. मी कंत्राटदारांची बिले आणि मुदतवाढीची प्रकरणे तयार करतो. अडथळा खरा असूनही त्या वेळचा एकही कागद नाही, एवढ्याच कारणावरून अडलेली प्रकरणे मी पाहिली आहेत आणि त्याचे मला दर वेळी वाईट वाटते.

महाराष्ट्राच्या सार्वजनिक बांधकाम विभागाच्या बी-१ करारात मुदतवाढीचे कलम ६ आहे. त्यानुसार अडथळा आल्यापासून ३० दिवस किंवा कामाची मूळ मुदत, यांपैकी जे आधी संपेल त्यापूर्वी लेखी अर्ज करावा लागतो. आपल्या प्रतीतील शब्द एकदा स्वतः वाचून घ्यावेत, कारण निविदेगणिक जादा अटी जोडलेल्या असतात. आंतरराष्ट्रीय निधीच्या कामांत वापरला जाणारा फिडिकचा (सल्लागार अभियंत्यांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाचा) १९९९ चा करार याहून कडक आहे: त्यातील कलम २०.१ प्रमाणे २८ दिवसांत सूचना दिली नाही तर मुदतवाढीचा आणि जादा रकमेचा हक्कच जातो.

आपले ३० दिवस उलटले असले, तरी वाहिनी अजून जागेवर असल्याने अडथळा चालूच आहे, तेव्हा तसे नमूद करून अर्ज करावा. मागील तारखेचे पत्र मात्र कधीही करू नये. आवक नोंदवहीत ते उघडे पडते आणि मग खऱ्या पत्रांवरही कोणी विश्वास ठेवत नाही.

पत्रात ‘वीजवाहिनीमुळे कामास विलंब होत आहे’ एवढेच लिहून भागत नाही. कोणत्या स्तंभांची फुटिंग कोणत्या तारखेपासून थांबली, तेथे खोदाईची तयारी केव्हा झाली होती, वाहिनी हलवण्याची जबाबदारी करारात कोणाची आहे, आणि त्या फुटिंगवाचून प्लिंथ बीम (जोत्याची तुळई) व पुढचा स्लॅब कसा अडतो, हे मंजूर बार चार्टशी (कामाच्या वेळापत्रकाच्या तक्त्याशी) जोडून दाखवावे. दुसऱ्या बाजूचे काम चालू असेल तर तेही प्रामाणिकपणे लिहावे, कारण इमारत पूर्ण होण्याची तारीख ज्या कामामुळे पुढे जाते त्याचेच दिवस मिळतात. पावसाचे कारण जपून द्यावे. मुदत ‘पावसाळ्यासह’ असेल तर नेहमीचा पाऊस चालत नाही. अडथळा संपलेला नसल्यामुळे दिवसांचा आकडा आत्ता अंदाजे द्यावा आणि वाहिनी हलल्यावर अंतिम आकडा कळवू, असे लिहावे. पत्र कार्यकारी अभियंत्यांच्या नावे, प्रत उपअभियंत्यांना, आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांकासह पोच घ्यावी. तोंडी सूचनेचाही त्यात तारखेसह उल्लेख करावा. त्यात उद्धटपणा काही नाही.

मुदतवाढ मंजूर होताना ‘नुकसानभरपाई मागणार नाही’ असे हमीपत्र पुढे येऊ शकते. सही करण्यापूर्वी थांबावे. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ५५ प्रमाणे, समोरच्याकडून ठरल्या वेळी न झालेली गोष्ट उशिरा स्वीकारताना भरपाई मागण्याची सूचना दिली नसेल, तर ती नंतर मागता येत नाही. त्यामुळे यंत्रसामग्री आणि मजूर बसून राहिल्याचा खर्च मागायचा असेल, तर ‘भरपाईचा हक्क राखून’ हे शब्द पहिल्या पत्रापासून असावेत. मुदतवाढ मिळाली म्हणजे दंड टळतो. हा खर्च मात्र आपोआप मिळत नाही.

शेवटी एक व्यवहाराची गोष्ट: मुदतवाढीचा आदेश हाती येताच बँक हमी आणि कामाचा विमा नव्या तारखेपर्यंत वाढवून घ्यावा आणि सुधारित बार चार्ट मंजुरीसाठी सादर करावा.